तीन तासांचं आकाश आणि विहिरीवरचा बल्ब

सई आणि कबीर,

मी रविवारी संध्याकाळी पुण्याला परत आले. सामान काढताना जाण्याआधी केलेली यादी समोर ठेवली आणि एकेक वस्तू तिच्याशी ताडून पाहिली. कॅमेरा, दोन लेन्स, तिकाटणं (तुमच्या भाषेत ट्रायपॉड), घड्याळाचा रिमोट, तीन वायरी, शाल, औषधांची डबी. सगळं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी कुणाकुणावर संशय घेतला ते वाचून तुम्हाला वाटेल की आजीचं काहीतरी नक्कीच चोरीला गेलं असणार. काहीही गेलं नाही.

जायचं कारण सईला माहीत आहे, कबीरला थोडं सांगते. सईने तुमच्या घरामागून ध्रुवाभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांचा तीन तासांचा फोटो काढला आहे. तिच्या शाळेच्या प्रदर्शनात त्याच्या शेजारी दुसऱ्या देशातून काढलेला तसाच फोटो लावायचा आहे. अटी तिने मला लिहून पाठवल्या होत्या: तीन तास सलग, मध्ये एकही खंड नको, चंद्र नको, माणसाने लावलेला दिवा नको. आणि खाली लिहिलं होतं, 'आजी, नाही जमलं तर मी इंटरनेटवरून एखादा घेईन.' ते वाक्य मी चार वेळा वाचलं. माझ्या आकाशाऐवजी कुणातरी अनोळखी माणसाचं आकाश तुझ्या आकाशाशेजारी टांगलेलं मला चालणार नव्हतं. प्रदर्शन पुढच्या आठवड्यात, अमावास्या याच शनिवार-रविवारी. म्हणजे संधी एकच.

पुण्यात आमच्या गच्चीवरून मोजून अकरा तारे दिसतात. म्हणून पल्लवीच्या गावी जायचं ठरवलं. पल्लवी म्हणजे माझ्याकडे खोली घेऊन राहणारी, फार्मसी शिकणारी मुलगी. तिचे आईवडील मिरजगावपासून आत एका वस्तीवर राहतात. वस्ती म्हणजे गावातलं घर सोडून प्रत्येकाने आपापल्या शेतात बांधलेलं घर. एका घरापासून दुसरं घर चांगलं पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर, मध्ये ज्वारी नाहीतर लिंबाची बाग. अंधाराला याहून चांगली जागा कुठली?

शुक्रवार, वस्तीवर

एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं आणि कंडक्टर 'नगर, नगर' असंच ओरडतो. त्या प्रवासाबद्दल एवढंच सांगते की कॅमेऱ्याची बॅग मी मांडीवरून खाली ठेवली नाही. शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं, "काय हाय त्यात?" मी म्हटलं, "औषधं." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की एवढी औषधं लागणारी बाई उभी कशी राहते.

मिरजगावच्या फाट्यावर पल्लवीचे वडील, दत्तात्रय, मोटारसायकल घेऊन आले होते. उंच, कमी बोलणारा माणूस. बॅग पुढे टाकीवर ठेवतो म्हणाले. मी नको म्हटलं. मग एकाहत्तर वर्षांची मी, पाठीवर बॅग, हातात तिकाटणं, अशी मोटारसायकलवर मागे बसून गेले. तुमच्या बाबाला हे सांगू नका.

पल्लवीची आई मंदा मला मावशी म्हणते. पोचल्या पोचल्या तिने माझ्यासमोर शेंगोळ्यांची थाळी ठेवली. हुलग्याच्या पिठाची बोटाएवढी वळी लसणाच्या झणझणीत पाण्यात शिजवतात, त्याला शेंगोळे म्हणतात. आपल्याकडे वरणफळं करतात त्याची ही रांगडी बहीण. मी दोन वाट्या खाल्ल्या आणि तिसरीला नको म्हटलं, तर मंदा म्हणाली, "मावशी, पुन्याची मानसं चिमनीवानी खात्यात आन् मग आजारी पडत्यात." मी तिसरी घेतली.

दुपारी जागा पाहिली. घरामागे लिंबाची बाग, तिच्या पलीकडे विहीर, विहिरीशेजारी मोटर चालू करायच्या स्टार्टरची लोखंडी पेटी, आणि उत्तरेला मोकळ्या ज्वारीत उभी एक बाभूळ. ध्रुव बरोबर त्या बाभळीच्या वर येणार होता. कबीर, हात पुढे करून मूठ धर. तुझ्याकडे ध्रुव क्षितिजापासून पाच मुठींहून थोडा वर असतो. इथे तो दोन मुठींवरही पोचत नाही, बाभळीच्या शेंड्यावर बसल्यासारखा दिसतो. दोन फोटो शेजारी लावले की पृथ्वी गोल आहे हे न बोलता कळतं.

आता अडचण सांगते. कॅमेऱ्याची स्वतःची बॅटरी थंडीत दीड तासात संपते. ती बदलायला हात लावला की कॅमेरा केसभर हलतो आणि वर्तुळं तिथेच तुटतात. म्हणून तुमच्या बाबाने मला एक नकली बॅटरी पाठवली होती. आकार अगदी खऱ्या बॅटरीसारखा, आत काही नाही, आणि मागे उंदरासारखी शेपटी. ती कॅमेऱ्याच्या पोटात बसवायची, शेपटी बाजूच्या रबरी फटीतून बाहेर काढायची आणि तिचं टोक मोबाईलच्या पॉवर बँकेत खुपसायचं. मध्ये एक छोटी डबी असते, ती वीज कॅमेऱ्याला हवी तेवढी चढवून देते. म्हणजे कॅमेऱ्याला वाटतं पोटात बॅटरी आहे, आणि तो बाहेरून जेवत असतो. पॉवर बँक मी नवी घेतली होती, विटेएवढी जड. दुकानदाराने सांगितलं, चार रात्री पुरेल. दुकानदारांवर मी सहसा विश्वास ठेवत नाही, यांच्यावर का ठेवला कळत नाही.

रात्री साडेनऊला मी विहिरीजवळ बाज टाकून घेतली, कॅमेरा लावला, रिमोटला सांगितलं की तीस सेकंदांचा एक फोटो, मग एक सेकंद विश्रांती, मग पुढचा. ते सगळे फोटो एकावर एक ठेवले की ताऱ्यांच्या रेघा होतात. शाल गुंडाळून बसले. कधी डोळा लागला कळलं नाही.

जाग आली ती घुर्रर्र आवाजाने आणि डोळ्यांवर पडलेल्या प्रकाशाने. रात्री बारा वाजले होते. शेतीची वीज इकडे एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री देतात. वीज आली की मोटर आपोआप सुरू होते, आणि स्टार्टरच्या पेटीवर लावलेला बल्बही पेटतो. त्या बल्बच्या उजेडात मी पाहिलं तर कॅमेरा मेला होता. शेवटचा फोटो दहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांचा. पॉवर बँकेचं बटण दाबलं तर चारही दिवे लागले. भरलेली होती. म्हणजे कुणीतरी बंद केली होती.

बाजेजवळ चपलेचे ठसे होते. माझे नव्हते.

शनिवार, मिरजगाव

सकाळी चहा घेताना मी दत्तात्रयांना विचारलं, "रात्री तुम्ही विहिरीकडे आला होता का?"

"आल्तो की. अकराच्या आत. तुमी झोपल्या हुत्या, अंगावरची शाल सरकली हुती, ती टाकली आन् गेलो."

"कॅमेऱ्याला हात लागला असेल तुमचा, चुकून."

"न्हाई."

"पॉवर बँकेला?"

"मावशी, मी त्याच्या चार हात लांबून गेलो."

मी 'बरं' म्हटलं. पण ते 'बरं' माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण दत्तात्रय चहा अर्धा ठेवून गोठ्याकडे गेले. मंदाने कप उचलला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मिरजगावात शब्बीरभाई हाय. मोटरी भरतो. त्याला दावा तुमचं यंत्र."

शब्बीरभाईंचं दुकान म्हणजे जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देणारा दवाखाना. तांब्याच्या तारांची वेटोळी, वॉर्निशचा वास आणि मध्ये स्टुलावर चष्मा कपाळावर चढवलेले शब्बीरभाई, वय माझ्यापेक्षा थोडं कमी. त्यांनी पॉवर बँक हातात घेतली, तेव्हा मी तिच्यावरून नजर काढली नाही. अदलाबदल करायला वेळ लागत नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "मी पळून नाही जाणार. दुकान हितंच हाय तीस वर्स."

त्यांनी नकली बॅटरी, डबी, वायर सगळं जोडून कॅमेरा चालू केला, वायरीत मीटर धरला आणि चहा सांगितला. आम्ही चहा प्यालो. मी त्यांच्या हातांकडे, ते मीटरकडे बघत होते. तास उलटून गेल्यावर खट् न होता, कुणीही हात न लावता, पॉवर बँकेचा दिवा विझला.

"बघा. ही मोबाईलसाठी बनवलीये. मोबाईल भरत आला की करंट कमी ओढतो, मग ही समजते, झालं याचं जेवण, आणि झोपते. तुमचा कॅमेरा आधीच कमी खाणारा. हिला वाटतं मोबाईल भरला."

"म्हणजे कुणी बंद केली नाही?"

"कोण करणार? हीच शहाणी हाय."

मला दत्तात्रयांचा अर्धा राहिलेला चहा आठवला.

मग मी विचारलं, हिला जागं ठेवायला काय करायचं? शब्बीरभाईंनी मान हलवली. "हिचा नाद सोडा. दत्तूकडं फवारणीचा पंप असेल ना, बॅटरीवाला?" पाठीवर दप्तरासारखा घेऊन बागेवर औषध मारतात तो पंप. त्याच्या तळाशी बारा व्होल्टची बॅटरी असते. "दिवसभर औषध मारून ती दमत नाही. तुमच्या कॅमेऱ्याला काय, आठवडाभर पाजेल."

"बारा व्होल्ट लावले तर माझा कॅमेरा जळेल."

"डायरेक्ट लावले तर जळेलच." त्यांनी खणातून मोटारसायकलच्या हॅन्डलला बसवतात तो मोबाईल चार्जर काढला आणि त्याच्या वायरींना दोन चिमटे लावले. "हे बारा घेणार, पाच देणार. आणि हा झोपत नाही, याला अक्कलच नाही."

मी मीटर लावून दाखवायला सांगितलं. पाच पॉइंट एक. मी परत दाखवायला सांगितलं. पाच पॉइंट एक. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ते हसले आणि मीटर माझ्याच हातात दिला. मी स्वतः टोकं लावली. पाच पॉइंट एक.

परत आले तेव्हा दत्तात्रय टेम्पोत लिंबाच्या गोण्या भरत होते. रविवार पहाटेच्या बाजारासाठी नगरला निघाले होते. मी सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि झालं ते सांगितलं. "तुम्ही बंद केली असं मला वाटलं होतं. चूक झाली."

ते गोणीचं तोंड शिवत होते. "तुमी म्हनला न्हाई तसं," ते म्हणाले, "पन बघितलं तसं." दोरा दातांनी तोडला आणि मग थोडे हसले. "पंप घ्या. नीट धुऊन घ्या आधी, औषधाचा वास लई हाय त्याला."

टेम्पो गेला. आता एकच गोष्ट राहिली होती, तो बल्ब. रात्री बाराला तो पेटला की माझा फोटो दीड तासावर संपणार. मी मंदाला म्हटलं, आज रात्रीपुरता बल्ब काढून ठेवू.

"ह्यांना इचारते फोनवर."

"एका बल्बसाठी? आणि गावात कुणाला सांगू नकोस. बघायला गर्दी जमेल, टॉर्च आणतील."

माझा हेतू तुम्हाला कळला असेल. मला माणसांवर भरवसा नव्हता. काल ज्या माणसाने माझ्या अंगावर शाल टाकली त्याच्यावर संशय घेऊन झाला होता, तरी धडा एवढाच घेतला होता की यापुढे कुणाला जवळच येऊ द्यायचं नाही. मंदाने बल्ब काढून माझ्या हातात दिला. मी तो हातरुमालात गुंडाळून बॅगेत ठेवला.

शनिवारची रात्र, विहिरीवर

साडेदहाला सुरुवात केली. चंद्र नव्हता. ज्वारीवर थंडी उतरली होती. बाजेशेजारी धुतलेला हिरवा पंप उभा होता, त्याच्या पोटातून दोन तारा चार्जरला, चार्जरमधून वायर कॅमेऱ्याला. मंदा तासभर सोबत बसली, मग सकाळी धारा काढायच्या म्हणून झोपायला गेली. मी ठरवलं होतं, डोळा लावायचा नाही. दर पंधरा मिनिटांनी वहीत खूण करत होते. बाराला मोटर सुरू झाली, अंधार तसाच राहिला, आणि मला फार हुशार असल्यासारखं वाटलं.

साडेबारा होत आले तेव्हा मागे बांधावर पावलं वाजली. एक नाही, बरीच. मग शिट्टी. मग चार-पाच टॉर्च एकदम माझ्या पाठीवर.

"हलू नका! कोन हाय?"

मी उठले आणि टॉर्च आणि कॅमेरा यांच्या मध्ये दोन्ही हात पसरून उभी राहिले. "टॉर्च बंद करा! आधी टॉर्च बंद करा!"

तुम्हीच विचार करा, हे ऐकून कुणाला काय वाटेल. एकही टॉर्च बंद झाला नाही.

नऊ जण होते. हातात काठ्या. पुढचा माणूस बुटका, कानटोपी घातलेला, त्याला सगळे पोपटराव म्हणत होते. पलीकडच्या वस्तीवरचा. त्याने आधी मला पाहिलं, मग पंपाला, मग तारांना, मग तिकाटण्याला.

"बाई, रातीच्या साडेबाराला फवारनी कसली चालली?"

"मी फोटो काढते आहे. ताऱ्यांचा."

"पंपानं?"

मागून कुणीतरी हसलं. पोपटराव हसले नाहीत. "दत्तूची मोटर चालू हाय आन् बल्ब बंद. बल्ब कुठाय?"

"माझ्या बॅगेत."

हे बोलल्यावर दोघे जण माझ्या आणि बांधाच्या मध्ये येऊन उभे राहिले.

मग मला कळलं ते सांगते. इकडे विहिरींवरून तांब्याच्या केबली चोरीला जातात, कधी अख्खी मोटर जाते. म्हणून प्रत्येक विहिरीवर बल्ब लावलेला असतो. वीज आली की तो पेटतो, आणि लोक अंथरुणातून खिडकीतून बघतात, आपला पेटला, शेजाऱ्याचा पेटला, आणि कूस बदलतात. मोटरीचा आवाज आहे आणि बल्ब नाही, याचा अर्थ एकच, की तिथे कुणीतरी उजेड नको असलेलं माणूस आहे. आणि तसं माणूस होतंच. मी.

"आधार कार्ड दावा," पोपटराव म्हणाले.

"झेरॉक्स देते. मूळ कार्ड मी कुणाच्या हातात देत नाही."

"लई सावध हाय म्हातारी," मागून एक आवाज. "चोरच सावध असतो," दुसरा.

त्यांनी दत्तात्रयांना फोन लावला. घंटा वाजत राहिली, टेम्पोत झोपले असणार. मग एकाला मंदाला उठवायला पाठवलं. तोपर्यंत पोपटरावांनी वाकून वायरीला हात घातला. "ही आधी काढून टाकू. काय फुटायबिटायचं असंल तर."

"काढू नका," मी म्हटलं. "दोन तास झालेत. एक तास राहिलाय. ही वायर निघाली तर माझ्या नातीचा फोटो गेला. परत अशी रात्र नाही मिळायची. तुम्ही नऊ जण आहात, मी एकटी आहे, मला धड पळताही येत नाही. इथेच बसा, माझ्यावर लक्ष ठेवा. दीड वाजता सगळं उघडून दाखवते. पण टॉर्च बंद करा."

मग पोपटरावांनी हात मागे घेतला, आणि टॉर्च एकेक करून विझले. नऊ माणसं माझ्याभोवती अर्धगोल करून उकिडवी बसली. कुणीतरी काडी पेटवली, मी "विडी नको" म्हटलं, तर त्याने ती झटकली आणि पुटपुटला, "आपल्याच रानात आपल्याला मनाई." कॅमेरा खट् करत होता, एक सेकंद थांबत होता, परत खट्. दर खटक्याला पोपटराव त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत होते.

"सारखं घड्याळ कशाला बघता?" त्यांनी विचारलं. "कुनी येनार हाय का?"

पावणेएकला मंदा आली, डोक्यावरून पदर, धावत. "अहो, पल्लवीच्या मावशी हायत त्या! बल्ब मी काढला!" मग सगळे एकदम बोलायला लागले. तुला अक्कल न्हाई का, एक फोन करायचा, ग्रुपवर टाकायचं. मंदा ऐकून घेत होती. कुणाला सांगू नकोस असं मी म्हटलं होतं, हे ती बोलली नाही. शेवटी मीच बोलले. "तिची चूक नाही. मीच तिला सांगू दिलं नाही."

"का?" पोपटरावांनी विचारलं.

"तुम्ही याल म्हणून."

"मग? आलोच की."

या वेळी तेही हसले.

मला वाटलं, निभावलं. पण मंदा विहिरीपाशी जाऊन उभी राहिली होती. ती परत आली आणि हळू म्हणाली, "मावशी, बल्ब द्या."

"चाळीस मिनिटं राहिली, मंदा."

"तिकडं बघा."

मी बघितलं. पूर्वेला लांब एका वस्तीवर टॉर्च हलत होता. त्याच्या पलीकडे आणखी एक. रस्त्याकडे दोन. दत्तूच्या विहिरीवर अंधार आहे हे सगळ्यांनाच दिसलं होतं. इथल्या माणसांचे फोन वाजायला लागले, ते शर्टाखाली धरून बोलत होते, उजेड नको म्हणून. "सांगतोय की काय न्हाई म्हनून," एक जण फोनवर म्हणत होता, "तरी ती म्हनती बल्ब लागल्याबिगर झोपत न्हाई."

"कोण?" मी विचारलं.

"कुसुमवहिनी," मंदा म्हणाली. "नवरा कामाला भाईर हाय. दोन पोरी घेऊन एकटी ऱ्हाती. आमच्या बल्बाकडं बघून झोपती ती. तुमच्या फोटोचं मला कळतंय, मावशी. पन ती उठून बसली असंल काठी घेऊन."

सई, खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला की ही कुसुम खरी आहे की मला बल्ब द्यायला लावायचं निमित्त. इतकी सवय झाली होती मला. मग तो सर्वात लांबचा टॉर्च पुन्हा पाहिला. तो एकाच जागी होता, दाराशी धरल्यासारखा, आणि थरथरत होता.

मी बॅग उघडली आणि रुमालातून बल्ब काढून मंदाला दिला. "लाव." फोटो गेला असंच मी धरलं होतं. दोन तास वीस मिनिटं झाली होती. रिमोट बंद करायला मी हात पुढे केला.

"थांबा की," पोपटराव म्हणाले. "लगेच कशाला रडायला लागलात? त्यो बल्ब कुनाला दिसायला पायजे? रस्त्याला आन् त्या वस्त्यांला. तुमच्या डब्याला दिसायला नको. बरोबर? मंदा, घमेलं हाय का हितं?"

विहिरीवर सिमेंट कालवायचं एक लोखंडी घमेलं पडलेलं होतं. पोपटरावांनी ते उचललं, स्टार्टरच्या पेटीशी गेले, बल्ब आणि माझा कॅमेरा यांच्या बरोबर मध्ये ते उभं धरलं आणि म्हणाले, "लाव आता."

मंदाने बल्ब फिरवला. उजेड पडला, पण कॅमेऱ्यावर नाही. घमेल्याची काळी सावली जमिनीवरून थेट माझ्यापर्यंत आली आणि तिच्या आत तिकाटणं उभं होतं. खट्. एक सेकंद. खट्.

"हलवू नका," मी म्हटलं.

"मी हलवत न्हाई, बाई. तुमी बोलू नका."

हात वर करून घमेलं धरणं सोपं नाही. पाच मिनिटांनी पोपटरावांचे हात भरून आले. दुसरा पुढे झाला, पण घमेलं हातातून हातात जाताना सावली सरकू नये म्हणून दोघेही एकमेकांच्या पायांवर उभे राहिले. मग तिसरा. नऊही जणांनी धरलं. ज्याला विडी ओढू दिली नव्हती त्यानेही. मीही एकदा धरलं, दोन मिनिटं, तेव्हा मागून पोपटरावांनी माझी कोपरं धरून ठेवली होती. "धरा, धरा. पळायचं न्हाई."

त्या दोन मिनिटांत माझा चेहरा बल्बकडे आणि पूर्वेकडे होता. तिथून मला सगळ्या वस्त्या दिसत होत्या. रस्त्यावरचे दोन टॉर्च वळून परत निघाले होते. मधला विझला. सर्वात लांबचा, दाराशी थरथरणारा, तो बराच वेळ तसाच होता. मग तो आत गेला, आणि तिकडे नुसता अंधार राहिला.

दीड वाजता रिमोटने शेवटचा खट् केला. मी कबूल केल्याप्रमाणे सगळं उघडून दाखवलं. नकली बॅटरी हातात घेऊन पोपटरावांनी हलवून पाहिली, कानाशी धरली. "आत काय न्हाईच की!" म्हणाले. ही आमची सगळ्यात मोठी फसवणूक आहे अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, पुढच्या वेळी ग्रुपवर टाका, आणि माझा नंबर घेतला. मीही त्यांचा घेतला.

सई, फोटो सोबत पाठवला आहे. तीन तास, एकही खंड नाही, साडेतीनशेच्या आसपास फोटो एकावर एक. कंस सगळे पूर्ण आहेत, वर्तुळाचा आठवा भाग, तू मोजून बघ. पण तू म्हणालीस तसा तो नाही. बाभळीची उजवी बाजू पिवळी आली आहे, कारण घमेल्याच्या कडेने उजेड निसटला. तो पुसणारं काहीतरी तुझ्या कॉम्प्युटरवर असेल, पण पुसू नकोस. तुझ्या कागदावर 'माणसाने लावलेला दिवा' असा रकाना आहे, तिथे 'नाही' लिहू नकोस. लिही: एक, शेवटची चाळीस मिनिटं, आणि त्याशिवाय शेजारी झोपत नव्हते. शाळेतल्या बाई विचारतील, म्हणजे काय, तेव्हा हे पत्र वाचून दाखव. त्यांनी फोटो नाकारला, तर इंटरनेटवरचा लाव. माझी हरकत नाही.

आजी